लांडग्याच्या तोंडातलं कोकरू

किसनभाऊ फोटोवाले दिवसातून एकदा तरी चार पायांवर चालत. गुडघे आणि तळहात जमिनीला टेकून, मान खाली घालून थोडं पुढे जायचं, थांबायचं, हवा हुंगल्यासारखं करायचं, पुन्हा चालायचं. लेंग्याला गुडघ्यांवर त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, जाड ठिगळं लावून दिली होती. आम्ही निंबमाळला उतरलो त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. घराच्या मागे एक चांगला पोक्त मनुष्य रांगत होता आणि ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली त्याची बायको त्याला सांगत होती, "प्वाट आत घ्या जरा. लांडगा एवढा ढेरपोट्या नसतोय."

मी ह्यांचा शर्ट मागून ओढला. "इथे नको राहायला," म्हटलं.

पण दुसरीकडे कुठे जाणार? मी राजापूरकडची. सातवीला शाळा सुटली, मग लग्न. आमचे हे रोड रोलरवर ड्रायव्हर. त्या वर्षी सगळीकडे दुष्काळी कामं निघाली होती, रस्ते होत होते, आणि ह्यांची बदली कर्जतला झाली. माहेरी सगळ्यांना वाटलं, रेल्वेवरचं कर्जत. आई म्हणाली, जवळच की. हे निघालं नगर जिल्ह्यातलं कर्जत, आणि काम त्याच्याही पुढे, सीना नदीच्या अंगाला निंबमाळ म्हणून बाजाराचं गाव आहे तिथे. नदी नुसती नावाला. पात्रात गुरं बसलेली असायची, तीही उठायला सांगितलं तर उठतील की नाही अशी. माझ्या पोटात तेव्हा मूल होतं आणि डोक्यात सारखी एकच धास्ती, ह्या उजाड मुलखात आपलं कसं होणार.

खोली बघायला आम्ही ज्या दारात गेलो तिथे आधी विचारलं गेलं, तुम्ही कोण, कुणापैकी. आमच्या उत्तराने कुणाचं समाधान होत नसे आणि खोलीत नेमका कांदा भरलेला निघे. भाऊंनी मात्र हात झटकत उभं राहून एकच विचारलं, "तुमचा रोलर सांजचं माळाकडनं जातोय का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग ऱ्हावा. जनावर बुजतंय त्या आवाजानं."

आम्ही कोण ते सांगायला मी तोंड उघडलं होतं, तोवर ते पुन्हा खाली बसून रांगायला लागले. त्यांनी जात विचारली नाही, म्हणून आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. भिंतीवरची बुद्धाची तसबीर मी दुसऱ्या दिवशी पाहिली. टँकरचं पाणी आपल्या आळीत सगळ्यात शेवटी का येतं, आणि पाटलांच्या विहिरीवर वहिनी घागर घेऊन नुसत्या उभ्या का राहतात, ते त्याच्यानंतर कळलं.

घराचा पुढचा भाग म्हणजे स्टुडिओ. भाऊ तरुणपणी पुण्याला एका फोटोवाल्याकडे प्रिंटा धुवायच्या कामाला होते. तिथून येताना एक जुना घडीचा कॅमेरा आणि एक रंगवलेला पडदा घेऊन आले. पडद्यावर तळं होतं, तळ्यात हंस. त्या वर्षी जो कोणी फोटोला येई तो आधी वळून त्या तळ्याकडे बघे. एक म्हातारी तर म्हणाली होती, "लेका, एवढं पानी हाय तर दोन घागरी भरून दे की."

फोटो काढताना भाऊ म्हणत, "हलू नगा, पर श्वास घ्या." गावात कोणी वारलं की शेवटचा फोटो काढायला त्यांनाच बोलावत. एकदा एका म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, भोवती बायका रडत होत्या, आणि भाऊ सवयीने बोलून गेले, "हलू नगा." तेव्हा त्या मयताची बायकोच म्हणाली, "आता कशाला हलत्यात? जित्तेपनी मातुर एका जागी बसले न्हाईत." भाऊ ती गोष्ट सांगताना अजून लाजत.

मी पाणी वाहायला मदत करायची म्हणून त्यांच्या डार्करूमचं थोडं मला समजत गेलं. फिल्म असो की कागद, आधी एका औषधात घालायचा, मग हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधाच्या पाण्यात, आणि मग धुवायचा. धुवायचं म्हणजे नुसतं बुचकळायचं नाही. पाणी बदलत बदलत तासभर. हायपो आत राहिला तर फोटो आज छान दिसतो आणि पुढे पिवळा पडून आतून मरतो. धुऊन झालं की नाही हे बघायची भाऊंची एक रीत होती. कोपऱ्यावरून गळणारा थेंब जिभेच्या शेंड्यावर घ्यायचे. हायपोची चव गोडसर असते.

"गोड हाय अजून," म्हणायचे, आणि पुन्हा पाणी.

वहिनी आतून म्हणायच्या, "प्यायला न्हाई आन फोटूला आंघोळी."

भाऊ पाणी बदलत राहत. पण मी पाहिलं होतं, ते स्वतः आंघोळ करत नसत. ओल्या फडक्याने अंग पुसत आणि त्यांच्या वाटणीचं पाणी डार्करूममधल्या रांजणात ओतून वर झाकण ठेवत. त्या रांजणाला वहिनीसुद्धा हात लावत नसत.

जनावरांचे फोटो हा त्यांचा बिनफायद्याचा उद्योग. त्यासाठी त्यांनी एक दुसरा डबाकॅमेरा घेतला होता आणि त्याला स्वतःच्या डोक्याने उंदराचा सापळा जोडला होता. वाटेवर आडवा दोरा बांधायचा. जनावराचा पाय दोऱ्याला लागला की सापळ्याचा चाप खटकन सुटायचा, तो कॅमेऱ्याचं बटण दाबायचा आणि त्याच झटक्यात बॅटरीची तार जुळून फ्लॅशचा बल्ब उडायचा. एका संध्याकाळी एकच फोटो. बल्ब एकदाच जळतो आणि फिल्म हाताने पुढे फिरवावी लागते. सांजेला लावून यायचं, सकाळी जाऊन बघायचं. आता म्हणे आपोआप फोटो काढणारे डबे झाडाला बांधतात आणि ते शेकडो फोटो काढतात. भाऊंना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, मुंग्या शिरत्यात का त्यात?

कारण त्यांच्या डब्यात मुंग्या शिरायच्या. खळ लावून चिकटवलेला कागद खायच्या. मग त्यांनी खळ सोडून डांबर वापरलं. कधी बॅटरीच्या टोकाला गंज चढून बल्ब उडायचाच नाही, म्हणून ते रोज ब्लेडने टोक खरवडत. काचेवर वाफ धरायची. त्यावर उपाय म्हणजे डबा घरातून थेट नेऊन लावायचा नाही, आधी थोडा वेळ बाहेर गारव्यात ठेवायचा, "काचंला हवेची वळख होऊ द्यायची." सूर्य उगवतो किंवा मावळतो त्या बाजूला डब्याचं तोंड करायचं नाही. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्याने तेच दोरा ओढतं. साबणाच्या हाताने काही शिवायचं नाही, आधी हातांना मेंढीच्या लेंड्या चोळायच्या. आणि सारखं बघायला जायचं नाही. "लई डोकावलं की जनावर वाट बदलतंय. मान्साचं बी तसंच हाय." आणि सगळं लावून झालं की आपण स्वतः जनावर होऊन डब्यासमोरून जायचं, चार पायांवर, म्हणजे दोरा छातीला लागतो की पायाला ते कळतं. ते रांगणं ह्यासाठी होतं.

"पण भाऊ, हे सगळं कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"मानूस फोटूला येतो त्यो तोंड धुऊन, टोपी नीट करून. जनावर हाय तसं येतंय." मग जरा विचार करून म्हणाले, "आपुन न्हाई तिथं आपला डोळा ठेवायचा. मजा वाटती."

सुरुवातीला त्यांचा दोरा सुती होता. पहाटे दहिवर पडलं की सुती दोरा भिजून आखडायचा आणि चाप आपोआप सुटायचा. त्यांनी मला एकापाठोपाठ एक फोटो दाखवले, सगळ्यांत नुसता मोकळा माळ. "ह्यो दहिवराचा फोटू. ह्यो बी दहिवराचाच." माझी ट्रंक माहेरहून येताना भावाने तंगुसाने बांधली होती, मासे धरायची ती नायलॉनची दोरी. ती मी त्यांना दिली. भिजली तरी आखडत नाही म्हटलं. त्यांनी ती दातांत धरून ओढून पाहिली आणि वहिनींना हाक मारली, "अगं, समुद्र आला आपल्या घरी." त्या मुलखात आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं मला पहिल्यांदा वाटलं.

दुसरी अक्कल मिठूची. मिठू पारध्याचं पाल माळावर होतं. तो तितरांसाठी फासे लावायचा. भाऊंनी त्याचा आणि त्याची बायको कमळी हिचा तळ्यासमोर फोटो काढला होता, पैसे न घेता, तेव्हापासून दोस्ती. भाऊंचा दोरा बघून तो हसला होता. "भाऊ, सरळ वाटंला कशाला बांधता? सरळ वाटंला जनावर बघून चालतंय. वळनावर बांधा. वळताना ध्यान म्होरं असतंय, पाय मागं." तेव्हापासून भाऊ वळणावर बांधत आणि घरी येऊन सांगत, मिठूनं सांगितलं, मिठूनं दावलं.

उन्हाळा चढला तशी धुळाजीच्या वाडग्यातली, म्हणजे काटेरी कुंपणाच्या कोंडवाड्यातली कोकरं जायला लागली. धुळाजीचा मेंढरांचा कळप गावातला मोठा, पण त्या वर्षी मेंढ्याच हाडकल्या होत्या, आटलेल्या होत्या, आणि कोकरू म्हणजे पुढच्या सालाची आशा. आज एक गेलं, परवा एक. धुळाजी चौकीवर गेला. हवालदार सरळ माळावर जाऊन मिठूला घेऊन आला. पालात फासे सापडले म्हणे.

भाऊ तसेच उठून चौकीवर गेले. आमचे हे बरोबर होते, त्यांनीच मला सगळं सांगितलं.

"सायेब, त्ये तितराचे फासे हैत. त्यात कोकरू कसं घावंल?"

"मग कुनी नेली?"

"लांडग्यानं."

"ह्या माळावर लांडगा ऱ्हायलाय कुटं?"

"हाय, सायेब. वाट हाय त्याची. पाय उमटल्यात."

हवालदार पान लावत होता. म्हणाला, "किसन, तू फोटूवाला हायेस न्हवं? मग दाव की फोटू. कोकरू तोंडात धरल्याला. सोडतो तुझ्या पारध्याला."

चौकीतले सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. घरी आले, डबा काढला, ब्लेड घेतलं आणि बॅटरीची टोकं खरवडत बसले.

दुसऱ्या दिवसापासून कमळी दोन्ही पोरं घेऊन स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायला लागली. सकाळी भाऊ माळावरून आले की ती फक्त एवढंच विचारी, "आला का?" भाऊ मान हलवत. वहिनी पोरांना अर्धी अर्धी भाकरी देत. ती पुन्हा पायरीवर.

डबा वाडग्याजवळच्या बांधावर लावला होता. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून भाऊंनी त्याला चिखल फासला होता आणि भोवती दगड रचून फक्त काचेपुरती जागा मोकळी ठेवली होती. तो इतका बेमालूम झाला की एका सकाळी जाऊन बघतात तो डब्याला शेंदूर. वर एक फूल. समोर भाकरीचा तुकडा आणि कांदा. धुळाजीच्या बायकोला वाटलं, बांधावर म्हसोबा निघाला, कोकरं राखायला. शेंदराचं बोट काचेवरही फिरलं होतं.

भाऊ घरी आले ते लालभडक बोटं पुढे धरून. "कोकनताई, काय सांगू. धर्म बदलला तवा घरातलं सारं देव मी माझ्या हातानं सीनेत सोडलं. आन आता माझ्या डब्यालाच लोक देव म्हनाया लागलं."

वहिनी म्हणाल्या, "मग ह्यालाबी सोडा सीनेत. पानी आलं की."

आम्ही खूप हसलो, कमळीसुद्धा. पण भाऊ बराच वेळ हात धुवायचे थांबून बोटांकडे बघत होते. पाटलांचे गडी, जे वहिनींच्या घागरीत वरून लांबून पाणी ओतत, ते बांधावरून जाताना त्या डब्याला हात जोडत होते. भाऊ शेंदूर पुसतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त काच पुसली. "अंगाला ऱ्हाऊ द्या. डोळ्यात नगं." मग म्हणाले, "मिठू सुटंस्तवर ऱ्हाऊ दे. तवर कुनी हात लावायचं न्हाई."

खरंच कुणी हात लावला नाही. पण लांडगाही येईना. फोटोत कधी कुत्रं यायचं, कधी बोकड. एकदा स्वतः धुळाजी आला, हातात टमरेल. तो फोटो भाऊंनी फाडून टाकला. वहिनींनी मात्र आधी बघून घेतला होता आणि पुढे कितीतरी दिवस धुळाजी रस्त्याने दिसला की त्या पदर तोंडाला लावत. बल्ब संपत आले. नगरहून आणायचे तर जायला एक दिवस आणि यायला एक. भाऊ आता गुडघे सोलवटेपर्यंत रांगत होते. दोरा थोडा वर, थोडा खाली.

आणि एका सकाळी ते लांबूनच धावत आले. डबा पोटाशी धरलेला. कमळी उठून उभी राहिली.

"आला का?"

"बल्ब उडालाय. दोऱ्याला केस हैत. भुरं."

ते डार्करूममध्ये शिरले. दार लावलं. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, "धरलाय!" ते कधी ओरडून बोलत नसत. कमळीने पायरीवर डोकं टेकलं. मी भिंतीला धरून उभी राहिले, कारण माझ्या कमरेतून तेव्हाच पहिली कळ गेली होती. दिवस अजून भरले नव्हते.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. हे कामावर. वहिनींनी मला आडवं केलं. सुईण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिला बोलवायला कमळी पळाली. पोरांना पायरीवर सोडून, अनवाणी, त्या उन्हात. सुईण आली आणि तिने पहिलं विचारलं, पाणी कुठे आहे. घरात एक तांब्या होता. टँकर आला नव्हता. आळीत कुणाकडेच नव्हतं.

मग डार्करूमचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. आणि वहिनींचं बोलणं.

"ह्ये आनलं तर तुमची फिलिम कशात धुनार?"

"चूल पेटीव."

"आन लांडगा?"

"त्यो कुटं पळतोय आता? फिलिममधी धरलाय."

रांजणातलं सगळं पाणी माझ्यासाठी तापलं. मुलगी झाली, बारीकशी, पण रडली. तिला पुसून माझ्याजवळ ठेवली तेव्हा दाराच्या फटीतून मला भाऊ दिसले. दोरीवर फिल्म टांगलेली होती. त्यांनी तिच्या खालच्या टोकाचा थेंब जिभेवर घेतला, आणि तसेच उभे राहिले. "गोड हाय अजून" म्हणाले नाहीत. पण ती चव त्यांच्या तोंडावर मला दिसली.

प्रिंटही तशीच काढली, दोनदा बुचकळून. थांबायला वेळ नव्हता. फोटो मात्र असा आला होता की आजही डोळे मिटले तरी दिसतो. बांधाचं वळण, वाळलेलं गवत, आणि त्यात वळता वळता मागे बघणारा लांडगा. हाडं दिसत होती, तोही दुष्काळातलाच. तोंडात कोकरू, पांढरं, मान लोंबलेली. चारही पाय मोजता येत होते.

ह्या वेळीही हे बरोबर होते. चौकीवर हवालदाराने तो हातात घेतला आणि पान चघळायचं थांबला. धुळाजीला बोलावलं. धुळाजीने फोटो उजेडाला धरला, जवळ घेतला, लांब धरला.

"लांडगाच हाय," तो म्हणाला. "आन कोकरूबी माझंच. कानाला चीर हाय."

भाऊ मिठूकडे बघत होते. मिठू गजांपाशी येऊन फोटो बघून हसला. "वळनावरच बांधला न्हवं दोरा?"

मग हवालदार म्हणाला, "बरं. ह्ये एक ह्यानं नेलं. बाकीची?"

भाऊंनी धुळाजीकडे पाहिलं. धुळाजी दुष्ट माणूस नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "किसनभाऊ, माझी लई गेल्यात. ह्यात एकच दिसतंय."

"आन कागद गेलेत वर," हवालदार म्हणाला. "आता तारखेला दावा, कोर्टात."

भाऊ घरी येऊन ओट्यावर बसले. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकच बल्ब असतोय गं. एका वक्ताला एकच."

मिठूला तालुक्याला हलवलं. तारीख आली की कमळी फोटो फडक्यात गुंडाळून, चोळीत ठेवून चालत जायची. दिवसभर बाहेर बसायची. पुढची तारीख घेऊन परत यायची. पहिल्या वेळी परतली तेव्हा फोटोच्या कडा तांबूस झाल्या होत्या. भाऊंनी तो बघितला आणि लगेच डार्करूममधून फिल्म काढून आणली, दुसरी प्रिंट करू म्हणून. टँकर मधे बरेच दिवस आला नव्हता. आला तेव्हा त्यांनी ती फिल्म धुतली होती, पण तोवर तिच्यावर मिठासारखी पांढरी खपली धरली होती, आणि खपलीखाली चट्टे. तिच्यातून आता काही निघणार नव्हतं. होता तो एकच फोटो. भाऊंनी तो पुन्हा धुतला, तासभर, टँकरचं पाणी बदलत. वहिनींनीच तांब्याने पाणी ओतलं. पण एकदा सुरू झालेलं पिवळं पडणं थांबलं नाही.

नंतर एकदा कमळी परत आली तेव्हा मी मुलीला घेऊन स्टुडिओतच बसले होते. तिने फडकं सोडून फोटो भाऊंच्या पुढे धरला. लांडगा होता, तपकिरी, फिका, पण होता. डोळेही होते. पण पांढरं आधी जातं. कोकराच्या जागी नुसता कागद दिसत होता. लांडगा वळून बघत होता आणि त्याच्या तोंडात काहीच नव्हतं.

"भाऊ," कमळीने विचारलं, "कोकरू कुटं गेलं?"

भाऊंनी त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला. कमळीने मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या मुलीकडे. सुईणीला बोलवायला तीच पळाली होती. रांजण कुणासाठी उघडला ते तिने पाहिलं होतं. फोटो पुन्हा फडक्यात बांधला, चोळीत ठेवला आणि मुलीच्या टाळूवरून हात फिरवून निघून गेली. पुढच्या तारखेला ती तोच घेऊन जाणार होती.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "भाऊ, माझ्यामुळे..."

"तुझं काय त्यात?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हायपो जुना हुता. पान्याचं काय न्हाई." डार्करूममध्ये मी इतके दिवस पाणी वाहिलं होतं. ते खोटं बोलत होते हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळपासून ते पुन्हा माळावर जाऊ लागले. बाकीची, असं हवालदार म्हणाला होता ना, मग बाकीची. एकाचा तरी अजून फोटो. पण धुळाजी तोवर उरलेली मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी भीमेकडे निघून गेला होता. वाडगं मोकळं होतं. मेंढरं नाहीत तिथे लांडगा कशाला येईल? वहिनींनी फक्त लेंग्याला नवीन ठिगळं लावली.

दुष्काळी कामं बंद झाली आणि ह्यांची बदली परत घाटाखाली झाली. मला आनंद व्हायला हवा होता. निघायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "पोरीचा एक फोटू तरी काढा की. जाईल आता ती." भाऊ इतके दिवस टाळत होते. आता सीनेला पाणी आलं होतं. ते म्हणाले, "आता काढतो."

तळ्यासमोर वहिनींनी मुलीला धरलं. "हलू नगा, पर श्वास घ्या," भाऊ तिला म्हणाले, अहोजाहो करून. मग नदीवरून खेपा घालून त्यांनी रांजण भरला, आणि फोटो धुवायला बसले. एक तास झाला. पाणी बदललं. पुन्हा धुतला. आमची बस दुपारची होती, हे बाहेर अस्वस्थ होऊन फेऱ्या घालत होते. भाऊंनी थेंब जिभेवर घेतला, मान हलवली, पुन्हा पाणी. मला तर तो फोटो धुऊन धुऊन विरघळून जाईल अशी भीती वाटायला लागली.

शेवटी त्यांनी कोपरा माझ्यापुढे धरला. "तू बघ."

मी जीभ लावली. "नुसतं पाणी आहे, भाऊ."

"नक्की?"

"नक्की."

"मग ने."

ओलाच फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी दिला. बसपर्यंत सोडायला वहिनी आल्या, ते आले नाहीत. डबा उचलून निघून गेले. मला वाटलं, निरोप घ्यायला त्यांना जमत नसेल.

बस गावाबाहेर माळाच्या कडेने जाते. मी मुलीला घेऊन खिडकीशी बसले होते. मिठू अजून सुटला नव्हता; बांधावर शेंदराचा तो लाल ठिपका लांबूनही दिसत होता. आणि मोकळ्या वाडग्याच्या तोंडाशी, काट्यांचं कुंपण पडून गेलं होतं तिथे, किसनभाऊ चार पायांवर चालत होते. मान खाली घालून थोडं पुढे, थांबून हवा हुंगायची, परत मागे येऊन दोरा बोटभर खाली घ्यायचा, पुन्हा चालायचं. बसमधली माणसं हसली. "फोटूवाल्याला याड लागलं," कुणीतरी म्हणालं.

ते वळणापर्यंत आले, आणि वळता वळता त्यांनी मागे बघितलं.

मुलीचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. मागच्या तळ्यातले हंससुद्धा स्पष्ट दिसतात.